माळ्यावरच्या ट्रंकेत पोथ्या आणि मोडी कागद सापडलेत, लॅमिनेट करून घेऊ का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. राजापूरकडच्या गावच्या घराची कौलं उतरवताना माळ्यावर पत्र्याची ट्रंक सापडली, आत लाल कापडात बांधलेल्या चार-पाच पोथ्या, मोडी कागदांचे दोन जुडगे, अक्षरं कोरलेला एक तांब्याचा पत्रा आणि काचेला चिकटलेला पणजोबांचा फोटो. एक पोथी कधीतरी भिजून पानं एकमेकांना चिकटून पार वीट झालीये, कागदांच्या एका जुडग्याला वाळवीने कडेने खाल्लंय. भाऊ म्हणतोय तालुक्याला नेऊन सगळं लॅमिनेट करून टाकू म्हणजे एकदाचं काम मिटेल, काकांचं म्हणणं दोन दिवस कडक ऊन दाखवा आणि परत बांधून ठेवा.

लॅमिनेट करू नका. उत्तर लांबणारे, वेळ नसेल तर एवढं वाचून भावाला आत्ता फोन करा, कारण बाकीच्या चुका थोड्याफार निस्तरता येतात, ही नाही येत.

मी २६ वर्षं कागद आणि हस्तलिखितांच्या संवर्धनाचं काम करतेय. माझ्या टेबलावर येणाऱ्या कागदांचं बरंचसं नुकसान वाळवीने किंवा पावसाने केलेलं नसतं, घरच्यांनी जीव लावून केलेल्या दुरुस्तीने केलेलं असतं. फाटलं म्हणून सेलोटेप लावली, सुटलं म्हणून फेव्हिकॉल लावला, मळलं म्हणून ओल्या फडक्याने पुसलं. हेतू चांगलाच असतो, म्हणून तर सांगताना जपून सांगावं लागतं.

लॅमिनेशनमध्ये होतं काय ते बघा. दोन प्लास्टिकच्या मधे कागद ठेवून मशीनमधून काढतात, त्या प्लास्टिकला आतून गोंदासारखा थर असतो तो शंभर डिग्रीच्या वर तापून वितळतो आणि कागदाच्या तंतूंमध्ये शिरून बसतो. आता कागद आणि प्लास्टिक दोन वस्तू राहिल्याच नाहीत, एकच झाली. कोकणातला कागद पावसाळ्यात दमट असणारच, ती ओल आत कोंडली, कागदात आधीच ॲसिड तयार झालेलं असेल तर तेही कोंडलं. दहा-पंधरा वर्षांनी कडा सुटायला लागतात, मधे फुगे येतात, कागद आतल्या आत तपकिरी पडतो आणि मग कुणीतरी ते माझ्याकडे आणून म्हणतं काढून द्या. सॉल्व्हंटने प्लास्टिक सोडवायला जावं तर थरासोबत शाई पण उचलून येते. मी अशी कामं करून बघितलीत. काही ओळी वाचतात, काही जातात.

मोडी कागदांच्या बाबतीत अजून एक गोष्ट आहे जी दुकानदाराला माहीत असायचं कारण नाही. जुने लांब कागद हे एकाखाली एक बंद, म्हणजे कागदाचे सुटे तुकडे, चिकटवून केलेले असतात आणि त्या जोडाच्या मागच्या बाजूला बऱ्याचदा छोटा शिक्का मारलेला असतो, मधला बंद कुणी बदलू नये म्हणून. कागद खरा की बनावट हे ठरवताना तो शिक्का लागतो, जोडावर तो नीट जुळतो का ते बघतात. मशीनमध्ये मावत नाही म्हणून लोक नेमके जोडावरच कापतात, ए-फोर साइझचे तुकडे करतात आणि फाइलला लावतात. गेला पुरावा. एका घरातला असा फाइल केलेला कागद बघितला होता, अक्षर देखणं, शाई काळीभोर, आणि प्रत्येक जोडावर कात्री चाललेली. मला तो अजून डोळ्यासमोर दिसतो.

आता कुणी म्हणेल की सरकारी दफ्तरांत पण लॅमिनेट केलेले कागद असतात की. असतात, खरंय. विसाव्या शतकाच्या मधल्या काळात जगभर अभिलेखागारांनी ते केलं, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात तर मशीन न वापरता ॲसिटोनने हाताने लॅमिनेशन करायची पद्धत निघाली आणि ती आपल्याकडे खूप वापरली गेली. तो त्या वेळचा सगळ्यात चांगला उपाय होता, करणारे लोक हुशार होते, पण वापरलेली सेल्युलोज ॲसिटेटची फिल्म काही दशकांनी स्वतःच बिघडायला लागते, तिला व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो आणि ते ॲसिड कागदाला खातं. त्याआधी कागदाला दोन्ही बाजूंनी रेशमी शिफॉन चिकटवायचे. पंचवीस-तीस वर्षांत रेशीमच कुजतं, मग ते खरवडून काढायचं काम पुढच्या माणसाच्या वाट्याला येतं.

अजिंठ्याचं उदाहरण तर आपल्या दारातलं आहे. निजामाच्या संस्थानाने १९२० च्या सुमारास इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी असे दोन तज्ज्ञ बोलावले, त्यांनी सुटणारे गिलाव्याचे पापुद्रे पक्के केले, त्यामुळे बरंच काही भिंतीवर टिकलं, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण चित्रांवर लाखेचं व्हार्निश दिलं गेलं. सुरुवातीला रंग खुलून दिसले असणार. मग ती लाख पिवळी पडली, तपकिरी झाली, धूळ आणि धूर धरून बसली, आणि पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनशाखेला ती काढायला किती वर्षं घालवावी लागली. वाघुर नदीच्या त्या घळीत उभं राहून स्वच्छ केलेला भाग आणि न केलेला भाग शेजारी शेजारी बघितला की कळतं की आपण जे काही लावतो ते काढता आलं पाहिजे, हा नियम आम्ही इतका का धरून बसतो. माझं सगळं काम या एका गोष्टीवर चालतं. तुमच्या ट्रंकेबद्दल पुढे जे सांगतेय तेही त्यातूनच येतंय.

आधी तुमच्याकडे काय आहे ते समजून घेऊ, कारण जुनं म्हणजे नाजूक असं लोकांना वाटतं आणि ते पुष्कळदा उलटं असतं. पोथ्या आणि पेशवाईतले कागद हातकागदावर असतात. जुन्नरी कागद, दौलताबादी कागद ही नावं ऐकली असतील, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं. चिंध्या, ताग, दोरखंड कुटून लगदा करायचा, वाळलेल्या कागदाला खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचं. लांब तंतू, ॲसिड नाही. अडीचशे वर्षांनी पण असा कागद हातात घेतला की मऊ वाकतो. आणि तुमच्या आजोबांच्या काळातल्या, म्हणजे १९०० ते १९५० मधल्या सातबाराच्या नकला, वह्या, वर्तमानपत्राची कात्रणं ही लाकडाच्या लगद्याच्या कागदावर आहेत, ती घडीवर पटकन तुटतात. तेव्हा ट्रंकेतल्या सगळ्यात नव्या कागदांना सगळ्यात जास्त जपा.

शाईचंही तसंच. पोथीची काळी शाई बहुतेक वेळा काजळ आणि डिंकाची. काजळ म्हणजे कार्बन, ते उन्हाने उडत नाही, शेकडो वर्षं काळं राहतं, पण त्याला धरून ठेवणारा डिंक पाण्यात विरघळतो. म्हणून ओलं फडकं नको. तुमची पोथी वीट झाली ती यामुळेच, शाईतला डिंक आणि कागदावरची खळ दोन्ही ओलीने सुटले आणि वाळताना पानांना एकमेकांशी चिकटवून गेले. इंग्रजी अमदानीतल्या काही कागदांवर हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घातलेली शाई असते, ती काळाची तपकिरी होते आणि अक्षराच्या रेघेरेघेने कागद खात जाते, उजेडाकडे धरलं तर अक्षरांच्या जागी भोकं दिसतात. पोथीच्या समासाला हिरव्या रेघा असतील तर त्या जंगालाच्या असू शकतात, म्हणजे तांब्याचा हिरवा, तोही कागद जाळतो, पान नेमकं त्या रेघेवर चौकटीसारखं सुटून येतं. अशी पानं उचलताना खाली जाड पुठ्ठा सरकवायचा आणि पुठ्ठ्यासकट उचलायचं.

मधे मधे पिवळे पट्टे दिसतील, त्यावर परत लिहिलेलं असेल. ते डाग नाहीत. लेखनिकाची चूक झाली की तो हरताळ लावून अक्षर झाकायचा आणि वर नवं लिहायचा, आपण आजही एखाद्या गोष्टीला हरताळ फासला म्हणतो ते इथूनच आलंय. हरताळ म्हणजे आर्सेनिकचं संयुग आहे, तेव्हा पान उलटताना बोटाला थुंकी लावायची सवय असेल तर इथे अजिबात नको, हाताळून झालं की साबणाने हात धुवा, लहान मुलांना खेळायला देऊ नका. लाल अक्षरं हिंगुळाची असतात, त्यात पारा असतो, तोच नियम.

आता काकांचं ऊन. आपल्याकडे पावसाळा संपला की पोथ्या बाहेर काढून हवा द्यायची पद्धत होती आणि ती फार शहाणपणाची होती, पण ती सावलीतली कोरडी हवा. कडक उन्हात ओलसर कागद एका बाजूने झपाट्याने सुकतो, आकसतो, पान पन्हाळीसारखं वळतं, रंग असतील तर पापुद्रे सुटतात. काकांना म्हणावं विचार बरोबर आहे, फक्त ओसरीवर सावलीत, आणि आत्ता जुलैत नाही, नवरात्र उलटून हवा कोरडी पडली की.

आत्ता या आठवड्यात काय करायचं ते सांगते. ट्रंक घरातल्या सगळ्यात कोरड्या खोलीत आणा, भिंतीला टेकवून नाही, जमिनीवर नाही, चार पायांच्या टेबलावर. कोकणात वाळवी भिंतीतून आणि जमिनीतून येते, हातभर मोकळी जागा सोडली तर तिला मातीची नळी बांधत यावं लागतं आणि ती तुम्हाला दिसते. एक स्वच्छ पांढरी चादर अंथरा, मास्क लावा, साधा कापडी नाही, एन-९५ लावा कारण बुरशीची धूळ फुप्फुसाला वाईट. पंखा बंद. एकेक गाठोडं चादरीवर ठेवा आणि काहीही सोडायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, ट्रंकेत कशावर काय होतं याचा पण. हा क्रम म्हणजे माहिती आहे. कुठला कागद कुठल्या रुमालात, म्हणजे कापडी गाठोड्यात, होता यावरून नंतर अभ्यासक सांगतात की ते कुठल्या घराण्याचं, कुठल्या व्यवहाराचं दफ्तर आहे, सगळे कागद एकत्र करून तारखेप्रमाणे लावत बसलात तर ते धागे तुटतात. बांधलेलं जुनं कापड, त्यातली चिठ्ठी, पोथीच्या फळ्या, दोरी, काही टाकू नका.

बुरशी असलेलं वेगळं काढा. पांढरी-हिरवी भुकटी दिसत असेल आणि ती ओली, चिकट वाटत असेल तर ती जिवंत आहे, पुसायला गेलात तर आत चोळली जाईल. आधी सावलीत कोरडी होऊ द्या. पूर्ण कोरडी, पिठासारखी झाली की घराबाहेर, वारा आपल्याकडून पलीकडे जाईल असं उभं राहून, मऊ रुंद ब्रशने पानाच्या मधून कडेकडे हलक्या हाताने झटका. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशी परत येते आणि तुमच्याकडे पावसाळ्यात ती ८५-९० असते, तेव्हा एक साधा आर्द्रता मोजायचा मीटर घ्या आणि आकड्यावर नजर ठेवा, अंदाजावर जाऊ नका.

कीड जिवंत आहे का हे बघायला सोपी युक्ती आहे, प्रत्येक गाठोड्याखाली पांढरा कागद ठेवा आणि तीन-चार दिवसांनी बघा. कागदावर ताजी भुकटी पडली असेल तर आत कोणीतरी खातंय. वाळवी बहुतेक ट्रंक हलवल्यावर गेली असेल, पण पानांमधून नागमोडी भोकं पाडणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या आत राहतात आणि कसर तर खळीच्या वासानेच येते. यावर औषध फवारायचं नाही, डांबरगोळ्या भरायच्या नाहीत, त्याने किडीपेक्षा घरातल्या माणसांना त्रास. पूर्ण कोरडं गाठोडं दोन जाड झिपलॉक पिशव्यांत, हवा दाबून काढून, डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी उघडू नका, पूर्ण एक दिवस तशीच राहू दे, पाणी पिशवीच्या बाहेर जमेल, कागदावर नाही. फोटो आणि काच फ्रीझरमध्ये नको. चिकटलेली पोथी पण नको, तिचं वेगळं सांगते.

इथे पुराचं थोडं बोलते, कारण तुमचा भाग तो आहे. चिपळूणचं १८६४ सालचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर २००५ आणि २०२१ अशा दोन्ही पुरांत सापडलं. कागद भिजला की आपल्या हवेत साधारण ४८ तासांत बुरशी धरायला लागते, आणि एवढ्या वेळात शेकडो पुस्तकं वाळवणं कुणालाच शक्य नसतं. भिजलेलं पुस्तक न उघडता, आहे तसं बटर पेपरमध्ये गुंडाळून फ्रीझ केलं तर घड्याळ थांबतं, मग एकेक काढून वाळवता येतं. १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये इटलीत फ्लॉरेन्सला आर्नो नदीचा पूर आला आणि लाखो पुस्तकं चिखलात गेली, त्या साफसफाईत जे शिकले त्यातूनच आज आम्ही वापरतो त्या कितीतरी पद्धती उभ्या राहिल्या. गावातला आइस्क्रीमवाला किंवा मासळीचा कोल्ड स्टोरेजवाला ओळखीचा असणं हे त्या दोन दिवसांत फार मोलाचं असतं, ही ओळख पावसाच्या आधी करून ठेवा.

बांधून ठेवण्याबद्दल. एखादं काम बासनात गेलं असं आपण वाईट अर्थाने म्हणतो, पण पोथीला बासनानेच, म्हणजे ती बांधायच्या कापडानेच, वाचवलंय. पोथ्यांच्या शेवटी लेखनिक एक श्लोक लिहायचे, तुमच्या पोथीतही असेल, शेवटचं पान बघा: तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात्. तेलापासून जप, पाण्यापासून जप, सैल बांधणीपासून जप. तिसरी सूचना वाचून मी दरवेळी थांबते, कारण ती फक्त रोज पोथ्या हाताळणाऱ्यालाच सुचेल. सैल गाठोड्यात हवा खेळते, पानं दमट-कोरडी होत फुगतात, वळतात, कसर शिरते. दोन फळ्यांमध्ये सपाट, घट्ट बांधलेल्या पोथीत हे होत नाही. तर नवीन बिनरंगाचं सुती मांजरपाट आणा, दोनदा गरम पाण्यात धुवून त्याची खळ पूर्ण काढा, नाहीतर तीच कसरीचं जेवण होते, आणि पोथी फळ्यांसकट तीन-चार पदरांत घट्ट बांधा. जुनं लाल कापड रंग सोडत असेल तर ते धुवू नका, वेगळं घडी करून सोबत ठेवा. ट्रंक गंजलेली असेल तर ती बदला, पण प्लास्टिकच्या हवाबंद डब्यात कोंडू नका. लाकडी कपाट चांगलं, किंवा पुठ्ठ्याची ॲसिड-फ्री पेटी. वेखंडाचे तुकडे मलमलीच्या पुरचुंडीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा, आपल्याकडच्या जुन्या दफ्तरांत वेखंड असायचाच, पण पानांच्या मधे घालायचा नाही. कडुलिंबाचा पाला पण पानात नको, त्याचे डाग मी पुष्कळ बघितलेत.

दसऱ्याला सरस्वतीपूजन कराल तेव्हा हळद-कुंकू पोथीच्या पानावर वाहू नका, बासनावर वाहा. निरांजन हातभर लांब ठेवा. पूजा बंद करा असं मी कधीच सांगत नाही, ज्या घरात पोथी पूजेत आहे तिथेच ती इतकी वर्षं टिकलीये हे मी पाहिलंय.

फाटलेल्याचं काय, तर घरी काही चिकटवू नका, पण आम्ही काय करतो ते सांगते म्हणजे कुणाकडे दिलंत तर समोरचा नीट काम करतोय का ते कळेल. कुरडईसाठी गव्हाचा चीक काढतात ना, तसंच गव्हाचं निव्वळ स्टार्च घ्यायचं, ग्लूटेन काढून टाकलेलं, मंद आचेवर पाऊण तास सतत ढवळत शिजवायचं, गार करून बारीक चाळणीतून दोन-तीनदा काढायचं आणि पाणी घालत ताकासारखं पातळ करायचं. जपानी टिश्यू नावाचा कागद असतो, कोझो झाडाच्या सालीचा, इतका पातळ की खालचं अक्षर आरपार वाचता येतं. तो कात्रीने नाही कापायचा. भिजवलेल्या ब्रशने त्यावर रेघ ओढायची आणि त्या ओल्या रेघेवर हळूच दोन्हीकडे ओढायचं, म्हणजे कडेला केसांसारखे तंतू सुटून येतात, आणि तेच तंतू मूळ कागदाला धरतात, जोडाला काठ राहत नाही. मग फाटलेल्या दोन कडा बोटाने नाही, हाडाच्या पट्टीने जवळ आणायच्या, अक्षराची वेलांटी वेलांटीला जुळली की टिश्यू बसवायचा, वर ब्लॉटिंग पेपर, वर काच, वर वजन. एका पानाला कधी अर्धा दिवस जातो. पन्नास वर्षांनी कुणाला वाटलं की ही जोड नको तर थोडी वाफ दिली की ती सुटते. खळीत मोरचूद घालणारे जुने बाइंडर अजून भेटतात, कीड लागू नये म्हणून घालतात, पण त्यातलं तांबं कागदाला हळूहळू जाळतं, तेव्हा विचारून घ्या. काही कागदांना खरंच प्लास्टिकचं संरक्षण हवं असतं, तिथे आम्ही पॉलिस्टर फिल्मच्या दोन पानांत कागद नुसता ठेवतो आणि फक्त फिल्मच्या कडा बंद करतो, कागदाला काही चिकटत नाही. दिसायला लॅमिनेशनसारखंच दिसतं, पण कड कापली की कागद मोकळा.

माझी एक चूक सांगते कारण ती तुमच्याही हातून होऊ शकते. कामाला लागून दुसरंच वर्ष होतं, एका घरचा शंभरेक वर्षांचा खरेदीखताचा कागद मळला होता, मी काळ्या शाईवर पाण्याचा थेंब टाकून तपासलं, शाई हलली नाही, कागद ट्रेमध्ये पाण्यात सोडला. कोपऱ्यातला जांभळा रबरी शिक्का तपासला नव्हता. दहा सेकंदांत जांभळा धूर पाण्यात उठावा तसा तो शिक्का उठला आणि गेला. फोटो होता म्हणून नोंद राहिली, पण शिक्का गेला तो गेलाच. त्या घरी जाऊन मी स्वतः सांगितलं. तेव्हापासून प्रत्येक रंग, प्रत्येक शाई, प्रत्येक शिक्का वेगळा तपासल्याशिवाय ब्रश सुद्धा ओला करत नाही.

तांब्याच्या पत्र्याला चिंच-मीठ, लिंबू, भांडी घासायची पावडर यातलं काही लावू नका. गडद तपकिरी किंवा घट्ट हिरवा थर हे त्याचं कवच आहे, घासलं की अक्षरांच्या कडा झिजतात आणि दोन-तीन घासणीत लेख वाचायच्या पलीकडे जातो. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा, बस. कुठे फिकट हिरवी भुकटी सुटून पडत असेल तर ते क्षाराचं दुखणं आहे, ते पसरतं, तो पत्रा वेगळ्या डब्यात सिलिका जेलसोबत कोरडा ठेवा आणि लवकर दाखवा. देवघरातल्या टाकांना हा नियम मी लावत नाही, ते रोजच्या पूजेतले देव आहेत, फक्त दसऱ्या-दिवाळीला राखेने खसाखसा घासण्याऐवजी पाण्याने धुवून लगेच कोरडे पुसा, नाक-डोळे राहतील.

पणजोबांचा फोटो काचेवरून सोडवायचा प्रयत्न करू नका. फोटोवरचा जिलेटिनचा थर काचेला चिकटलाय, ओढलं तर चेहरा काचेवर आणि पांढरा कागद हातात. काचेतूनच स्कॅन करा, काच आहे तशी ठेवा, फक्त मागचा लाकडी किंवा खाकी पुठ्ठा काढून ॲसिड-फ्री पुठ्ठा लावून घ्या.

सगळ्याचे फोटो काढा म्हणाले, ते असे. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश नाही, मोबाइल कागदाला समांतर, शेजारी सहा इंची पट्टी आणि नंबर लिहिलेली चिठ्ठी, मूळ कागदावर काही लिहायचं नाही. मागची बाजू कोरी दिसली तरी फोटो घ्या, तिथेच कधी एखादी ओळ, कधी जोडावरचा शिक्का असतो. मोडी वाचणारा माणूस या फोटोंवरच वाचेल, मूळ कागद परत परत उघडावा लागणार नाही, हे स्वतःच एक मोठं संवर्धन आहे.

दाखवायचं कुठे तर पुण्यात भांडारकर संस्था आहे, १९१७ सालची, २८ हजारांच्या वर हस्तलिखितं सांभाळलेली, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० पासूनचं, मोडी कागदांसाठी तिथे आधी विचारा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे, वारसा जपणाऱ्या इंटॅक या संस्थेची पण संवर्धन केंद्रं आहेत. हस्तलिखितांची राष्ट्रीय मोहीम २००३ ला सुरू झाली, २०२५ च्या बजेटमध्ये ज्ञान भारतम्‌ मिशन जाहीर झालं, तुमच्या पोथ्यांची नोंद व्हावी असा प्रयत्न जरूर करा. नोंद केली म्हणजे पोथी सरकारजमा होते ही भीती काढून टाका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ७५ वर्षांवरचं महत्त्वाचं हस्तलिखित ही पुरावस्तू असते, घरात बाळगायला हरकत नाही, पण देशाबाहेर पाठवता येत नाही आणि लायसन्स नसताना तिचा धंदा करता येत नाही, तेव्हा कुणी परदेशातलं गिऱ्हाईक आणतो म्हणाला तर त्याला घराबाहेरच ठेवा. संस्थेला द्यायचं ठरलं तर लेखी पोच, यादी आणि नोंदणी क्रमांक घेतल्याशिवाय देऊ नका. हा अविश्वास नव्हे, तुमच्या नातवाला पुढे तो कागद तिथे शोधता आला पाहिजे.

राहिली ती वीट झालेली पोथी. तिला सुरी लावू नका, वाफ देऊ नका, कडा सोडवून बघू नका. ती वाळलेली आहे म्हणजे आता बिघडत नाहीये, घाई कशाचीच नाही. दोन सपाट पुठ्ठ्यांमध्ये ठेवून मांजरपाटात बांधा, चारही बाजूंचे जवळून फोटो काढा, कडेला पानं कुठे कुठे मोकळी दिसतात ते त्यात दिसू द्या. आम्ही अशी पोथी आर्द्रतेच्या पेटीत काही दिवस ठेवून, गोरटेक्ससारख्या कापडातून ओल अगदी हळू आत जाऊ देऊन, बांबूच्या पातळ पट्टीने एकेक पान सोडवतो. दिवसाला कधी चार पानं सुटतात, कधी एकही नाही. सगळी सुटतील असा शब्द मी देत नाही, पण तुम्ही सांगितलंत त्यावरून मधल्या भागात शाई हललेली नसावी असं वाटतंय. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की ती मांडीवर घेऊन गाडीने आणा, कुरियरने पाठवू नका.